डावं पान, उजवं पान

पुष्कळदा म्हटलं जातं की तत्त्वज्ञाचा ग्रंथ स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा, खासगी वह्या म्हणजे नुसत्या चांभारचौकश्या. पहिला भाग मान्य. दुसऱ्यावर मात्र तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनश्टाइनचं उदाहरण द्यावंसं वाटतं.

पहिल्या महायुद्धात तो ऑस्ट्रियन सैन्यात होता. सोबतच्या वह्यांत उजव्या पानावर तर्कशास्त्र आणि डाव्या पानावर उलट्या वर्णमालेच्या सांकेतिक लिपीत भीती, एकटेपणा, वासना, प्रार्थना. (लिपी इतकी सोपी की लपवायचं होतं की नाही, असाच प्रश्न पडतो.) १९६१ साली वह्या छापल्या तेव्हा संपादकांनी डावी पानं वगळली.

पण जून १९१६ मध्ये गंमत होते. पूर्व आघाडीवर मोठं रशियन आक्रमण सुरू होतं, आणि ११ जूनला उजव्याच पानावर प्रश्न येतो: देवाबद्दल आणि आयुष्याच्या हेतूबद्दल मला काय माहीत आहे? तोवर तिथे मुख्यतः विधानांची रचना, चिन्हं, तर्काचे नियम होते. त्याच्या 'ट्रॅक्टेटस' या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथाच्या शेवटाकडे नीती, मृत्यू, अव्यक्त यांवरची जी वाक्यं अचानक आल्यासारखी वाटतात, त्यांतली काही मुळात या नोंदींतली आहेत.

आता युद्ध झालं म्हणून ही वाक्यं खरी ठरतात, असं अजिबात नाही. युक्तिवाद ग्रंथातच तपासायचा. पण तो शेवट म्हणजे मागाहून जोडलेलं ठिगळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी वह्या वाचल्याशिवाय तसं म्हणू नये. मीही पूर्वी तसंच म्हणायचो.