मुलांना आकाश दाखवताना ‘तुमची किंमत शून्य’ असं सांगावं का?

पूर्वभागकर:
सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत मुलांसाठी आकाशदर्शन झालं. दुर्बिणीत गुरू आणि त्याचे चार चंद्र एका ओळीत दिसले, पोरं हरखून गेली. मग पाहुणे बोलायला उभे राहिले. आपल्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे, विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, आणि यात तुमची-आमची किंमत शून्य!

आकडे बरोबर आहेत. माझं भांडण शेवटच्या वाक्याशी आहे. समोर बसलेल्या बहुतेक मुलांच्या आया विड्या वळतात. पान भिजवायचं, पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. वरून तपासणीत नापास झालेल्या विड्या बाजूला काढतात, त्यांचे पैसे नाहीत. ‘किंमत शून्य’ हे या घरांत रोजचंच आहे. तेच आता आकाशाच्या नावानंही ऐकवायचं? त्यापेक्षा सांगा, बाळा, तुझ्या रक्तातलं लोखंड ताऱ्यांत तयार झालंय. तारे फुटले तेव्हा ते बाहेर पडलं आणि फिरत फिरत तुझ्यापर्यंत आलं. हेही विज्ञानच आहे.

नान्नजकर:
नाही पटलं. माणूस लहान आहे म्हणणं म्हणजे गरीब लहान आहे म्हणणं नव्हे. एवढ्या ताऱ्यांपुढे कारखान्याचा मालक आणि विडी वळणारी बाई एकाच मापाची.

आणि माणसाला स्वतःचं मोठेपण फार झालंय ओ. आमच्याकडे नान्नजला या, दाखवतो. माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ चं. वडिलांच्या पिढीला माळढोक सहज दिसायचा, आता एखादा दिसला तरी बातमी होते. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. तिला गवताळ माळ लागतो, आणि आपण त्याला पडीक म्हणून नांगर घातला. सगळं आपल्यासाठीच आहे असं मानलं की हेच होणार.

तळ्याकाठचा:
बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना सोबत घेऊन सोलापूरचं तळं खोदलं. शिवापुढे आपण कोण, असं मानणारा तो माणूस. लहान मानल्यानं हात थांबतात असं काही नाही.

पूर्वभागकर:
ते लहानपण त्यांनी आपणहून घेतलं होतं, कुणी माइकवरून दिलं नव्हतं. फरक तिथेच आहे.

नान्नजकर, माळ नांगरला कुणी? विडीवालीनं? तिच्याकडे वावर तरी आहे का? नम्रता शिकवायचीच तर दुर्बीण बंगल्यांच्या गच्चीवर न्या. दहा वर्षांच्या पोरीवर कशाला प्रयोग?

नान्नजकर:
तीच पोरगी उद्या शिकून अधिकारी होईल, जमिनीच्या फायलींवर सही करेल. व्हावीच. पण विश्व माझ्यासाठी बनलंय, हे डोक्यात घेऊन नको. तुमच्या वाक्याला एवढं जोडा: माळढोकाच्या रक्तातही तेच लोखंड आहे. मग माझी हरकत नाही. गरिबाच्या मुलाला फक्त गोडच सांगायचं, हे मात्र मला मान्य नाही. खरं पेलायची ताकद त्याच्यात आपल्यापेक्षा जास्त असते.

वर्गशिक्षिका:
मी तिथे होते. पाहुण्यांच्या भाषणापेक्षा मुलांचं ऐका. गुरूवरून प्रकाश यायला साधारण पाऊण तास लागतो, असं मी सांगितल्यावर एक मुलगी लगेच म्हणाली, “बाई, तेवढ्यात आईच्या शंभरेक विड्या होतात.” तिनं तिच्याकडच्या मापानं गुरूचं अंतर मोजलं. स्वतःला शून्य समजणारं पोर असा हिशेब करत नाही. आणि ‘शून्य’ ऐकल्यावर तिनं मान खाली घातली, हेही मी पाहिलं. म्हणून मी पूर्वभागकरांच्या बाजूनं आहे.

पुढच्या वेळी आयांना आधी रांगेत घ्या. त्या दिवशी त्या मागे सतरंजीवर बसून होत्या, दुर्बिणीपाशी त्यांना कुणी बोलावलंच नाही.