विमानाशिवाय जग फिरणं: आपल्याला जमण्यासारखं आहे का?

खिडकीची_जागा

गेल्या मे महिन्यात मी आणि माझी धाकटी बहीण इस्तंबूलहून पालेर्मोला गेलो, सगळा प्रवास रेल्वेने. पालेर्मो सिसिलीत, म्हणजे बेटावर. "बेटावर रेल्वे कशी जाते गं?" हे घरी प्रत्येकाने विचारलं, म्हणून आधी तेच सांगते.

रोमहून रात्री सुटलेली गाडी सकाळी इटलीच्या टोकाला, व्हिला सान जोव्हान्नीला पोचते. तिथे गाडीचे तुकडे करतात. बोटीचं तोंड उघडं असतं, तिच्या पोटात रूळ टाकलेले असतात, ते धक्क्यावरच्या रुळांना जुळवून घेतात आणि डबे हळूहळू आत ढकलतात. मी वरच्या बर्थवर अर्धवट झोपेत होते. खिडकीबाहेर फलाट होता तिथे एकदम रंगवलेली लोखंडी भिंत आली, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. मग डब्यातून उतरून अरुंद जिन्याने वर डेकवर गेलो. कँटीनमध्ये आरांचीनी मिळतात, म्हणजे भाताचे तळलेले गोळे, आपल्या बटाटेवड्यापेक्षा चांगले मोठे. बहीण शाकाहारी, तिला चीजचा मिळाला. तो खाईपर्यंत मेसिना आलंच. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 3 किलोमीटर आहे. डबे चढवण्या-उतरवण्यातच जास्त वेळ जातो.

वाटेत सोफिया, बुखारेस्ट, बुडापेस्ट, व्हिएन्ना, रोम. एकूण 24 दिवस. तुर्कस्तानची बायझंटाइन (जुन्या पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातली) वीट सोफियातही दिसली. डॅन्यूब नदी आम्ही बल्गेरियातल्या रूसेच्या पुलावर ओलांडली आणि पुन्हा बुडापेस्टात भेटली. विमानाने गेलो असतो तर ही पाच वेगवेगळी शहरं झाली असती. जमिनीवरून गेल्यावर ती एका ओळीत लागली.

माझं म्हणणं एवढंच: परदेशात एकदा उतरलं की पुढची विमानं बंद करावीत. "दहा दिवसांत सहा देश" या सहली आपण थांबवायला हव्यात. फ्रान्सने 2021 मध्ये कायदाच केला आणि 2023 मध्ये तो लागू करून, जिथे अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येतं तिथली काही अंतर्गत उड्डाणं बंद केली. आपण निदान स्वतःपुरतं तरी ठरवू शकतो.

पंधरा_दिवसांची_रजा

ताई, वर्णन सुंदर आहे, पण मला हे पटत नाही आणि का ते स्पष्ट सांगतो.

24 दिवस. माझी वर्षाची सगळी रजा जमवली तरी एका वेळी 15 दिवसांच्या वर साहेब सोडत नाहीत. त्यातले चार गणपतीला गावी जातात. सोबत दोन मुलं आणि सत्तरीची आई. तिला रात्री दोनदा उठावं लागतं, वरच्या बर्थचा प्रश्नच नाही. मी आयुष्यात एकदा तिला युरोप दाखवणार असेन तर व्हिएन्ना ते रोम रात्रभर हलत्या डब्यात नेऊ, की दीड तासात पोचवू? "सहा देश" म्हणून ज्यांना आपण नावं ठेवतो ते लोक हौस म्हणून पळत नसतात. त्यांना पुन्हा यायला मिळणार नाही हे त्यांना ठाऊक असतं.

दुसरं, मुंबई-इस्तंबूल आणि रोम-मुंबई तुम्ही विमानानेच केलंत ना? ते 11 हजार किलोमीटर होतात. रेल्वेचा प्रवास चार हजारांच्या आसपास. मग पर्यावरणाचा मुद्दा कितपत उरतो?

खिडकीची_जागा

@पंधरा_दिवसांची_रजा, आईंचा मुद्दा पूर्ण मान्य. त्यांना विमानानेच न्या. माझा आग्रह धडधाकट माणसांसाठी आहे.

11 हजारांचंही खरं आहे, ते मी लपवत नाही. पण मोठं विमान टाळता येत नाही म्हणून छोटी पाचही घ्यावीत, हे मला पटत नाही. विमानाचं इंधन उड्डाण घेताना आणि वर चढताना सगळ्यात वेगाने जळतं, त्यामुळे छोट्या पल्ल्याचा दर किलोमीटरचा हिशेब अधिकच वाईट येतो.

दर्या_आणि_डिझेल

मी जहाजांच्या इंजिनांवर काम करतो, म्हणून फेरीबद्दल, म्हणजे प्रवासी नेणाऱ्या बोटीबद्दल, लिहितो. "बोट म्हणजे हिरवा प्रवास" असं सरसकट कृपया लिहू नका. ब्रिटिश सरकारच्या उत्सर्जनाच्या तक्त्यात पायी चढणाऱ्या प्रवाशाचा आकडा किलोमीटरला साधारण 19 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे आणि गाडी घेऊन चढणाऱ्याचा 130 च्या घरात. बोट तीच, समुद्र तोच. कारण बोटीतली जास्त जागा आणि वजन गाड्यांचं असतं, आणि इंधनाची वाटणी त्या हिशेबाने होते. वेगवान कॅटामरान (दोन तळांची बोट) असेल तर इंधन आणखी वाढतं. तेव्हा फेरीने जा, पण पाठीवर पिशवी टाकून, पायी. मोटार घेऊन फेरीत चढलात तर फार काही वाचवलंत असं समजू नका.

अटारीचा_फलाट

धाग्यात कुणी मूळ प्रश्नाला हातच घातला नाही. इस्तंबूलपासून का सुरुवात केलीत? मुंबईपासून का नाही?

रूळ आहेत. नकाशा काढून बघा. अटारी, लाहोर, क्वेट्टा, मग इराणमधलं झाहेदान. क्वेट्टा ते झाहेदान आपल्याच मापाची ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर. झाहेदानला 1435 मिलिमीटरचं माप सुरू होतं, तिथे गाडी बदलायची. झाहेदान-केरमान जोडणी 2009 मध्ये झाली आणि इराणचं जाळं तिथे येऊन मिळालं. तेहरानवरून तुर्कस्तानात, मध्ये व्हानचं तळं लागतं, तिथे मालाचे डबे बोटीवर चढवतात, तुमच्या मेसिनासारखेच. इस्तंबूलला बॉस्फरसखालून बोगदा 2013 पासून आहे. म्हणजे अटारी ते लंडन लोखंड जवळपास अखंड आहे.

आता माणूस जाऊ शकतो का ते बघा. पाकिस्तानला जाणारी समझौता एक्स्प्रेस 1976 मध्ये सुरू झाली, ऑगस्ट 2019 मध्ये बंद. राजस्थानातल्या मुनाबावहून पाकिस्तानात जाणारी थार एक्स्प्रेस त्याच महिन्यात बंद. पूर्वेला कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेस 2008 ची, ती जुलै 2024 मध्ये थांबली. म्यानमारला रेल्वे जोडलेलीच नाही. दक्षिणेला धनुष्कोडीहून बोटीने श्रीलंकेतल्या तलाईमन्नारला जायची सोय होती, ती डिसेंबर 1964 च्या वादळात गावासकट गेली. 2023 मध्ये नागपट्टिनमहून श्रीलंकेतल्या कांकेसंतुरईला फेरी पुन्हा निघाली, एवढीच जमेची बाजू.

विमान टाळून सगळं जग फिरलेल्या माणसाचं उदाहरण नेहमी देतात, डेन्मार्कचे थॉर पेडरसन. ऑक्टोबर 2013 ला निघाले, मे 2023 मध्ये मालदीव हा शेवटचा देश केला. जवळपास दहा वर्षं, त्यातली दोनेक कोविडमुळे हाँगकाँगमध्ये अडकून. त्यांच्या चिकाटीला मी मनापासून मानतो. पण त्यांचा पासपोर्ट डॅनिश होता. भारतीय पासपोर्टवर बहुतेक सीमांना आधी व्हिसा, मुलाखत, बँकेचे कागद. "जमिनीवरून जा" हा सल्ला आपल्याला लागू व्हायचा तर आधी शेजारच्या चार सीमा उघडायला हव्यात.

खिडकीची_जागा

तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं, कारण त्यातलं काहीच खोडता येत नाही. तुर्कस्तान-बल्गेरियामधल्या कापिकुलेच्या सीमेवर रात्री दोनच्या सुमारास आम्हाला गाडीतून खाली उतरवलं होतं. सगळे प्रवासी चादरी गुंडाळून एका खिडकीसमोर रांगेत. आमच्या पुढचा जर्मन मुलगा अर्ध्या मिनिटात सुटला. आमचे पासपोर्ट आत नेले, शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या व्हिसाच्या) पानावर दिवा धरून बघितला, वीस मिनिटं गेली. गाडी थांबली, कुणी काही वावगं बोललं नाही. पण त्या वीस मिनिटांत बहिणीने माझा हात सोडला नव्हता.

तरी मी म्हणेन, म्हणूनच आपण जास्त बोलायला हवं. या गाड्या बंद झाल्या तेव्हा आपल्याकडे ती रुखरुख फारशी दिसली नाही, कारण आपण त्यांनी जातच नव्हतो.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे या विषयाला वेगळी बाजू आहे. माझे वडील 1974 ला कुवेतला गेले, 'द्वारका' बोटीने. मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहरीन करत कुवेत. आठवड्याहून जास्त लागायचे. डेकचं तिकीट, म्हणजे जिथे वळकटी पसराल ती तुमची जागा. पत्र्याची ट्रंक उशाशी, तिला पायाचा अंगठा लावून झोपायचं. त्यांच्या शेजारी राजापूरचा एक मुलगा होता, मस्कतपर्यंत त्याच्या पोटात पाणी राहिलं नाही.

ती बोट 1982 ला बंद झाली. त्यानंतर वडील विमानानेच गेले. त्यांना दोन वर्षांतून एकदा सुट्टी, साठ दिवसांची. त्यातले सतरा-अठरा दिवस बोटीत घालवायचे, की घरी? माझा जन्म झाला तेव्हा ते तिसऱ्या दिवशी घरी होते, विमान होतं म्हणून. कोकणातल्या हजारो घरांत विमानाने असंच माणूस आणून दिलंय. त्यामुळे विमानाला दोषी ठरवताना जरा हात आखडता घ्यावा, ही विनंती.

आणि बोटींच्या आठवणी सगळ्याच गोड नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' 17 जुलै 1947 ला बुडाली, सहाशेवर माणसं गेली. आमच्या आजीने त्यानंतर बोटीत पाय ठेवला नाही.

मांडवा_पॅसेंजर

रत्नांग्रीकर, तुमच्या वडिलांचं पटलं. पण बोट बंद झाली आणि त्या जागी विमान आलं, हे कुवेतच्या बाबतीत. आपल्या किनाऱ्यावर काय झालं? जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, पणजी, आगबोट सगळीकडे लागायची. पावसाळ्यात बंद, एरवी चालू. रस्ता झाला, बोटी गेल्या, मग 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण झाली. आता मे महिन्यात कोकणात जायला रेल्वेचं आरक्षण उघडल्या मिनिटात संपतं आणि महामार्गावर माणगावला दोन-दोन तास उभं राहतो. 2020 पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो (मोटारीही नेणारी बोट) चालते, तासाभरात पलीकडे. मी महिन्यातून दोनदा जातो, गाडी न घेता. (दर्या_आणि_डिझेल यांचा आकडा वाचून बरं वाटलं.) जगाचं नंतर बघू, मुंबई-मालवण रोजची प्रवासी बोट मागायला काय हरकत आहे?

पंधरा_दिवसांची_रजा

मुंबई-मालवण बोट असेल तर माझी आईसुद्धा येईल. तिचं माहेर देवगडचं, लहानपणी विजयदुर्गला उतरून बैलगाडीने गेल्याचं अजून सांगते. इथे मी तुमच्या बाजूने.

युरोपाबद्दल मात्र मत बदललेलं नाही. रजा वाढवून द्या, मग रेल्वेने जातो.

रत्नांग्रीकर

काल रात्री वडिलांना हा धागा वाचून दाखवला. पुन्हा बोटीने जाल का विचारलं, तर सरळ नाही म्हणाले. पण मेसिनाच्या परिच्छेदापाशी मला थांबवलं आणि तो परत वाचायला लावला. भरती-ओहोटीला बोट खालीवर होते, मग धक्क्यावरचे रूळ आणि बोटीतले रूळ एका पातळीत कसे आणतात, हे त्यांना हवंय. @खिडकीची_जागा, त्या जोडाचा फोटो काढला असेल तर टाका ना. दोनदा विचारून गेले सकाळपासून.