‘सद्धा’ म्हणजे आपली ‘श्रद्धा’च का?

नाशिकरोडची: रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका कॉलेजच्या पोराने सरळ विचारलं, आपण बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेतलेले, देव न मानणारे लोक, मग हे ‘श्रद्धा दृढ करा’ काय लावलंय, श्रद्धा तर देवभोळ्यांची. सगळे गप्प, मलापण धड सांगता येईना. पाली सद्धा आणि मराठी श्रद्धा एकच का? (हे टाइप करताना मोबाइल दोनदा ‘श्राद्ध’ करत होता, श्राद्धं होतात त्या रामकुंडाजवळ राहिल्याचा परिणाम असेल.)

पालीवेडा: मूळ एकच ताई, श्रत् + धा, म्हणजे हृदय ठेवणं. श्राद्धपण त्यातूनच, मोबाइल अगदीच चुकला नाही. पण पालीत सद्धेचे प्रकार पडतात. चंकी सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धाचं प्रवचन) ‘अमूलिका सद्धा’ आहे, म्हणजे बिनबुडाची, आणि तिथेच एकामागे एक धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा आहे, पुढच्यालाही दिसत नाही न मागच्यालाही. आपला अंधश्रद्धा शब्द त्यातून आला असं मी म्हणत नाही, पण चित्र तेच. याच्या उलट वीमंसक सुत्तातली ‘आकारवती सद्धा’, कारणं असलेली, ‘दस्सनमूलिका’ म्हणजे बघण्यात मूळ असलेली, आणि ‘दळ्हा’, आपलं दृढ. आणि त्या सुत्तात भिक्खूला खुद्द तथागतालाच, म्हणजे बुद्धालाच, तपासून घ्यायला सांगितलंय! त्या पोराला हे सांगा. वंदनेत आपण रोज ‘एहिपस्सिको’ म्हणतोच की, ये आणि बघ.

गंगाघाट: मला मराठी क्रियापदं बघायला मजा वाटते. विश्वास बसतो, श्रद्धा बसते, निष्ठा वाहतात, खात्री मात्र पटते. आता बसणं म्हणजे गाळ बसतो तसं धरलं तर मिलिंदप्रश्नातलं, म्हणजे राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाच्या पाली ग्रंथातलं, लगेच कळतं. तिथे नागसेन म्हणतो सद्धेचं एक लक्षण संपसादन, चक्रवर्ती राजाचं सैन्य ओढ्यातून जातं, पाणी गढूळ होतं, मग त्यात मणी टाकला की निवळतं. आपल्याकडे पावसाळ्यात नळाला लाल पाणी आलं की आई तुरटी फिरवायची ना हंड्यात, तसंच. म्हणजे सद्धा = मन निवळणं, डोळे मिटणं नाही. दुसरं लक्षण उडी घेणं. पूर आलाय, लोक काठावर उभे, एक जण कंबर कसून पलीकडे उडी मारतो, त्याला बघून बाकीचे. (आपला गोदावरीतला, पूर मोजायचा दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडालेला असताना कृपया कोणी ही उपमा आजमावू नये.)

इगतपुरीकर: धम्मगिरीला विपश्यनेच्या शिबिरात अधिष्ठानाला बसवतात, तासभर हालायचं नाही, ती पण श्रद्धाच ना?

पालीवेडा: नाही हो, तो अधिट्ठान, निश्चय, दहा पारमितांतली, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या दहा गुणांतली, वेगळी पारमिता. श्रद्धा नसतानाही नुसत्या हट्टाने तास काढणारे असतात, मीच काढलाय पहिल्या खेपेला.

नाशिकरोडची: मग बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला धर्म सोडायचं जाहीर केलं आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली २१ वर्षं तपासण्यात, ती दस्सनमूलिका म्हणायची का? मला तरी हेच पटतं. त्या पोराला सगळं वाचून दाखवलं तर म्हणे, मावशी, मग सरळ ‘खात्री’ म्हणा ना.

गंगाघाट: म्हणू दे की. खात्री अरबी ‘खातिर’वरून, त्याचाही अर्थ मन, हृदय असाच. फिरून श्रत् वरच आला पठ्ठ्या.