टाळीकडे वळणारा रोबो हॉलमध्ये कपाटाकडे वळतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. टाळी वाजली की तिकडे तोंड करायचं, एवढंच काम असलेला दोन चाकांचा रोबो बनवते आहे. ईएसपी३२ बोर्ड, आयएनएमपी४४१चे दोन माइक, मध्ये १५ सेंमी अंतर, सॅम्पलिंग १६ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाची १६ हजार मोजमापं. क्रॉस-कोरिलेशनने (दोन माइकचे आवाज एकमेकांवर सरकवून कुठे सर्वात जास्त जुळतात ते बघून) कोणत्या माइकला आवाज आधी पोचला ते काढते, त्यावरून कोन.

गच्चीवर बरा चालतो. हॉलमध्ये आणला की कधी कपाट, कधी भिंत! कोनही उड्या मारतात. समोर आठ-आठ अंशांच्या, बाजूला तर ५९ वरून थेट ९०. आणि मागून टाळी वाजवली तर पठ्ठ्या समोरच बघतो. सॅम्पलिंग वाढवू की माइक? चार माइकचा तयार बोर्ड बजेटबाहेर आहे.

खटपट्या: तुमच्या उड्या गणिताप्रमाणेच आहेत. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका सॅम्पलमध्ये साधारण २.१ सेंमी. १५ सेंमीत जेमतेम सात पायऱ्या बसतात. ४८ किलोहर्ट्झ करा, हे माइक तेवढं देतात. शिवाय कोरिलेशनच्या शिखराला (सर्वात जास्त जुळणीच्या बिंदूला) आणि शेजारच्या दोन बिंदूंना पॅराबोला, म्हणजे घुमटासारखा वक्र, बसवा, फुकटात बारकावा मिळतो.

कपाटाचा दोष प्रतिध्वनीचा. भिंत मीटरभर लांब असली तर परतणारा आवाज सुमारे सहा मिलिसेकंद उशिरा येतो. तेव्हा टाळी सुरू झाल्यापासूनचे पहिले तीन-चार मिलिसेकंदच घ्या, बाकी फेकून द्या. साध्या कोरिलेशनऐवजी त्याचाच सुधारित प्रकार, जीसीसी-फॅट, वापरा. नॅप आणि कार्टर यांची १९७६ची पद्धत आहे, अजून तोडीस तोड. ती आवाजाचा जोर सोडून फक्त फेज (लहरी एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत ते) बघते, त्यामुळे शिखर टोकदार येतं.

तारतंत्र: मागचं-पुढचं मात्र कोडने सुटणार नाही. समोरून ३० अंश आणि मागून ३० अंश, दोन माइकना वेळेचा फरक तोच. तिसरा माइक त्रिकोणात लावा. तो बोर्डाच्या दुसऱ्या आय-टू-एस पोर्टवर (डिजिटल आवाज आत घेणाऱ्या जोडणीवर) जाईल. त्या पोर्टला स्लेव्ह (दुसऱ्याच्या ठोक्यावर चालणारा) करून पहिल्याचीच क्लॉक, म्हणजे वेळेचा ठोका, द्या, नाहीतर सॅम्पल जुळणार नाहीत. खर्च नकोच असेल तर डावीकडची टाळी ऐकून थोडं डावीकडे वळा आणि दुसऱ्या टाळीची वाट बघा. कोन घटला तर माणूस पुढे, वाढला तर मागे.

ऐकताना मोटर चालू असतात का?

धागाकर्ती: हो, चालूच असतात, रोबो सतत फिरतो. ४८ आणि पॅराबोला आज रात्रीच करते. मोटर थांबवून ऐकायचं, की तिचा आवाज गाळून टाकता येतो?

तारतंत्र: थांबवा. गिअरची खरखर माइकला चिकटून असते, गाळत बसलात तर प्रोजेक्ट तिथेच संपेल. आणि माइकखाली फोम लावा.