आवर्तसारणीतील कल : बोरॉन आणि ऑक्सिजन येथे आयनीभवन ऊर्जेचा आलेख खाली का येतो? समजावण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील एका गावात अकरावी विज्ञानाच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असून आवर्त, गण, कवच आणि संयुजा या संकल्पना त्यांच्या चांगल्या अंगवळणी पडलेल्या आहेत.

अणुत्रिज्येचा कल त्यांना पटला आहे. दुसऱ्या आवर्तात लिथिअमची अणुत्रिज्या १५२ पिकोमीटर, बेरिलिअमची १११, बोरॉनची ८८, कार्बनची ७७, नायट्रोजनची ७४ आणि ऑक्सिजनची ६६ अशी उतरत जाते. प्रोटॉनबरोबर इलेक्ट्रॉनही वाढतो, मग ते एकमेकांना दूर ढकलून अणू फुगवत का नाहीत, असे एका मुलीने विचारले होते. आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ बऱ्याच अंशी अडवतात, परंतु एकाच कवचातील सोबती ती फारशी अडवू शकत नाहीत, म्हणून प्रत्येक नव्या प्रोटॉनची ओढ बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत बऱ्यापैकी पोहोचते, या उत्तराने तिचे समाधान झाले.

खरी अडचण प्रथम आयनीभवन ऊर्जेपाशी, म्हणजे अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास लागणाऱ्या ऊर्जेपाशी आली. लिथिअमपासून निऑनपर्यंत ही मूल्ये किलोजूल प्रति मोल या एककात अनुक्रमे ५२०, ८९९, ८०१, १०८६, १४०२, १३१४, १६८१ आणि २०८१ अशी आहेत. म्हणजे बोरॉन व ऑक्सिजन या दोन ठिकाणी चढता आलेख खाली येतो. गाइडमध्ये ‘अर्धपूर्ण उपकवच अधिक स्थिर असते’ एवढेच वाक्य आहे (उपकवच म्हणजे कवचाचा २एस, २पी यांसारखा भाग). मुले ते पाठ करतात, पण स्थिर का, असे विचारले की गप्प होतात, आणि बोरॉनला तर ते वाक्य लागूच पडत नाही. कृपया जाणकारांनी याचे कारण कोणत्या क्रमाने सांगावे ते सुचवावे.

आणखी एक शंका आहे. आमचा भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात येत असल्याने सोडिअम मुलांना परका नाही आणि चोपण (सोडिअम जास्त असलेल्या) जमिनीत जिप्सम (कॅल्शिअम सल्फेट) टाकतात, हेही त्यांना ठाऊक आहे. हे उदाहरण आवर्ती कल शिकवताना वापरणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद :

सर, ‘स्थिर’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवावा आणि प्रत्येक वेळी ‘नेमका कोणता इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा आहे?’ हा एकच प्रश्न मुलांना विचारावा, असे मला वाटते. बेरिलिअममधून २एस उपकवचातला इलेक्ट्रॉन काढावा लागतो, तर बोरॉनमधून २पी मधला. कवच एकच असले तरी २एस मधला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अधिक जवळपर्यंत शिरकाव करतो, त्यामुळे तो घट्ट बांधलेला असतो आणि २पी मधल्या इलेक्ट्रॉनवरची ओढ थोडी अडवतोही. बोरॉनमध्ये एक प्रोटॉन जास्त असूनही इलेक्ट्रॉन सहज सुटतो, तो यामुळे.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळी आहे. नायट्रोजनचे तीन २पी इलेक्ट्रॉन तीन ऑर्बिटलमध्ये (उपकवचातील, प्रत्येकी जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावणाऱ्या जागांमध्ये) एकेकटे असतात, हेच ते अर्धपूर्ण उपकवच. ऑक्सिजनच्या चौथ्या इलेक्ट्रॉनला मात्र एखाद्या ऑर्बिटलमध्ये जोडीने राहावे लागते, आणि एकाच ऑर्बिटलमधील दोन इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण अधिक असल्याने त्यांतील एक काढण्यास कमी ऊर्जा लागते. विनिमय ऊर्जेचा (सारख्या फिरकीच्या इलेक्ट्रॉनांमुळे मिळणाऱ्या जादा स्थिरतेचा) भागही यात आहे, परंतु अकरावीत तो आणण्याची घाई करू नये.

मुलांकडून हा आलेख हाताने काढून घ्यावा. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन हे तीन बिंदू चढत जातात, मग एक पायरी उतरून ऑक्सिजन, फ्लुओरिन, निऑन हे तीन पुन्हा चढतात. केंद्रकाची वाढती ओढ कुठेही थांबलेली नसते, हे त्यांना स्वतःच्याच आलेखात दिसते. पुढे मॅग्नेशिअम ७३८ व ॲल्युमिनिअम ५७८, तसेच फॉस्फरस १०१२ व सल्फर १००० या जोड्या दाखवून तिसऱ्या आवर्तातले कारण त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

जिप्समचे उदाहरण अवश्य वापरावे, मात्र योग्य ठिकाणी. सोडिअम आयनाची त्रिज्या सुमारे १०२ पिकोमीटर आणि कॅल्शिअम आयनाची सुमारे १०० पिकोमीटर आहे, म्हणजे आकार जवळजवळ सारखाच, पण कॅल्शिअमवरचा प्रभार दुप्पट. त्यामुळे ऋणप्रभारित चिकणमातीचे कण कॅल्शिअमला अधिक घट्ट धरतात, सोडिअम सुटून पाण्याबरोबर निचऱ्यावाटे निघून जातो आणि मातीची घडण सुधारते. हा काही एखाद्या गणातील कल नव्हे, पण ओढ प्रभारावर आणि अंतरावर अवलंबून असते हे त्यातून दिसते, आणि सगळे आवर्ती कल त्याच दोन गोष्टींवर उभे आहेत.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. आलेखाचा तास पुढच्या आठवड्यात घेतो. फक्त एवढेच विचारायचे आहे की, परीक्षेत गाइडमधल्या वाक्याऐवजी हे कारण लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद :

ऑक्सिजनच्या उत्तरात दोन्ही लिहायला सांगावे. आधी अर्धपूर्ण उपकवचाचे वाक्य, कारण तपासणारे बहुधा तेच शोधतात, आणि लगेच पुढच्या ओळीत जोडीतील प्रतिकर्षणाचे कारण. बोरॉनच्या उत्तरात मात्र २एस व २पी मधील फरकच लिहावा.