रोबोटेक 36 भागांनंतर एकदम बदलते, ते का?

निपाणीकर:
मावसभावाकडून रोबोटेक या अमेरिकी कार्टून मालिकेचे 85 भाग मिळाले. छत्तिसावा संपला आणि पुढं माणसं वेगळी, यंत्रंही वेगळी. मधले भाग गहाळ झालेत काय?

सांबरेकर:
गहाळ नाहीत, जोडलेत. तू बघितलेले पहिले 36 म्हणजे मॅक्रॉस ही जपानी मालिका. ती जपानात 1982-83 मध्ये लागली, भाग फक्त 36. अमेरिकेत रोज दाखवायला मालिका विकायची तर निदान 65 भाग लागायचे. म्हणून हार्मनी गोल्ड या अमेरिकी कंपनीसाठी निर्माते कार्ल मेसेक यांनी सदर्न क्रॉस आणि मोस्पीडा या दोन परक्या मालिका तिच्या मागं जोडून 1985 मध्ये रोबोटेक आणली. पुढच्या भागातली डेना मॅक्रॉसमधल्या मॅक्स-मिरिया या जोडप्याची मुलगी दाखवलीय ना? मूळ कथेत तिचा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही.

एवढं मी सोसेन, गाण्यांचं सोसवत नाही. मॅक्रॉसमध्ये झेंट्राडी या परग्रहावरच्या सैन्याला गाणं म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. मिनमे या गायिकेचा आवाज कानावर पडतो आणि लढणारे हात थबकतात, सगळी कथा तिथं उभी आहे. रोबोटेकमध्ये मिनमेला आवाज देणाऱ्या मारी इइजिमाची ती गाणी काढून वेगळ्या चालीची इंग्रजी गाणी घातली. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आमच्या सांबऱ्याला लागूनच. घरात रोज पहाटे त्यांची निर्गुणी भजनं लागायची. चाल बदलून, दुसऱ्या गळ्यातून ती कुणी लावली तर मी कुमारांची म्हणून ऐकणार नाही.

शहापूरची ताई:
एवढं तोडून बोलू नका की. त्या काळी अमेरिकेच्या कार्टूनमध्ये कुणी मरत नसे. मेसेकनी मॅक्रॉसमधल्या रॉय फोकर या वैमानिकाचं मरण गाळलं नाही. तो भाग बघून माझा धाकटा भाऊ रात्री जेवला नव्हता.

सांबरेकर:
होय ताई, ते श्रेय त्यांचंच. पण पुढं हक्कांच्या भांडणात मॅक्रॉस सेव्हन, फ्रंटियर, डेल्टा या मॅक्रॉसच्याच पुढच्या मालिका जपानबाहेर वर्षानुवर्षं अडकून पडल्या. एप्रिल 2021 मध्ये जपानची बिगवेस्ट कंपनी आणि हार्मनी गोल्डचा समझोता जाहीर झाला, तेव्हा कुठं वाट मोकळी झाली. ती बातमी मी घरच्यांना वाचून दाखवली होती.

निपाणीकर, आधी मूळ 36 बघ. सबटायटल वाचायला जड जात असेल तर 2006 चं इंग्रजी डबिंग शोध, त्यातही मिनमेला मारी इइजिमाचाच आवाज आहे. सत्ताविसावा भाग मात्र जपानीतच बघ, इअरफोन लावून.

निपाणीकर:
आज रात्री पहिला लावतो. सत्ताविसाव्याला पोचलो की इथंच लिहितो.