पुणे ते मेलबर्न: पॉइंट्सवर बिझनेस क्लासच्या दोन जागा कशा शोधाव्यात?

कोथरूडकर_आजोबा

नमस्कार. मी 67 वर्षांचा निवृत्त अभियंता असून पत्नीसह पुण्यात राहतो. आमची मुलगी मेलबर्नला असते आणि तिचे बाळंतपण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अपेक्षित आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस जाऊन जानेवारीच्या मध्याला परतावे, असा बेत आहे, म्हणजे अजून सहा महिने हाताशी आहेत. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे इतके तास पाय दुमडून बसणे तिला झेपणार नाही आणि बिझनेस क्लासची दोन तिकिटे पैसे मोजून काढणे आम्हाला झेपणार नाही.

माझ्या क्रेडिट कार्डावर बऱ्याच वर्षांचे पॉइंट्स साठले आहेत. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर खात्यात जुने थोडे माइल्स आहेत आणि मुलीकडे क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचे पॉइंट्स आहेत. क्रिसफ्लायरवर मुंबई ते मेलबर्न, 27 ऑक्टोबर, दोन प्रवासी असे शोधले, तर जागा नाही असे उत्तर येते. क्वांटासवर जागा दिसते, पण पॉइंट्सचा आकडा असा की मुलीचे खाते रिकामे होऊनही एकच तिकीट निघेल. बँकेच्या ॲपमध्ये पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवण्याची सोय आहे. आधी सगळे पॉइंट्स वळवून घ्यावेत आणि मग निवांत शोधावे, हे योग्य ठरेल का?

माइलमोजणी

काका, ते बटण अजून दाबू नका. कार्डाचे पॉइंट्स एकदा विमान कंपनीकडे गेले की परत येत नाहीत. कार्डावर असेपर्यंत तुम्हाला चार कंपन्यांचा पर्याय खुला असतो; वळवल्यावर एकाच कंपनीच्या दारात उभे राहावे लागते. शिवाय क्रिसफ्लायरच्या माइल्सची मुदत साधारणपणे 36 महिन्यांची असते. आधी जागा शोधावी, मग पॉइंट्स हलवावेत.

तुमच्या शोधाला नकार का येतो, ते सांगतो. विमानात बिझनेस क्लासच्या चाळीस जागा असल्या, तरी पॉइंट्सवर देण्यासाठी कंपनी त्यांपैकी मोजक्याच बाजूला काढते आणि विक्रीचा अंदाज बदलेल तसा तो आकडा कमी-जास्त करते. विमान अर्धे रिकामे असूनही पॉइंट्सवर जागा नसणे यात त्यामुळे नवल नाही. त्यातही तुम्ही दोघांसाठी शोधता तेव्हा एकच जागा शिल्लक असेल, तर संगणक 'एक आहे' असे सांगत नाही, सरळ 'नाही' म्हणतो. म्हणून नेहमी आधी एका प्रवाशासाठी शोधावे. एक जागा मिळाली, तर ती काकूंच्या नावावर घ्यावी आणि दुसरीवर लक्ष ठेवावे.

दुसरे म्हणजे मुंबई–मेलबर्न असा अख्खा प्रवास एकदम न शोधता मुंबई–सिंगापूर आणि सिंगापूर–मेलबर्न हे टप्पे वेगवेगळे तपासून पाहावेत. सिंगापूर–मेलबर्न मार्गावर दिवसाला अनेक विमाने असल्याने तिथे जागा सापडते आणि अडचण बहुधा मुंबईच्या टप्प्याची असते. ती एकदा कळली की मुंबईऐवजी बंगळूर, हैदराबाद किंवा अहमदाबादहूनही पाहता येते. मात्र आरक्षण करताना दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. तसे केल्यास सामान थेट मेलबर्नला जाते आणि विमानतळाबाहेर पडावे लागत नसल्याने सिंगापूरच्या व्हिसाचा प्रश्न येत नाही. वेगवेगळी तिकिटे काढून मध्ये सामान उचलायची वेळ आली, तर आपल्या पासपोर्टवर तो प्रश्न येतो.

क्रिसफ्लायरमध्ये सेव्हर, ॲडव्हान्टेज असे वेगवेगळे दर दिसतील. सेव्हर स्वस्त असतो आणि लवकर संपतो. तो मिळत नसेल, तर त्या विमानाच्या प्रतीक्षायादीत नाव घालता येते. पण ती यादी कधी महिनाभर आधी सरकते, कधी शेवटच्या पंधरवड्यात, कधी सरकतच नाही. तिच्या भरवशावर बाळंतपण गाठायला निघू नये. इथे एरवी कुणीतरी लिहितेच, की 355 दिवस आधी आरक्षण उघडते त्याच दिवशी जागा घ्यावी. सल्ला खरा आहे, परंतु बाळंतपणाची बातमी 355 दिवस आधी कळत नसते.

यारानदीकाठी

मी मेलबर्नला राहते आणि आई-बाबांना दोनदा अशा तऱ्हेने आणले आहे, म्हणून क्वांटासबद्दल लिहिते.

तुम्हाला दिसलेला तो भलामोठा आकडा बहुधा 'क्लासिक प्लस' प्रकारचा असावा. हा प्रकार क्वांटासने 2024 मध्ये आणला. त्यात पॉइंट्स तिकिटाच्या चालू भावानुसार लागतात, त्यामुळे जागा जवळजवळ नेहमी दिसते आणि परवडत जवळजवळ कधीच नाही. आपल्या कामाचा आहे तो ठरावीक तक्त्याप्रमाणे पॉइंट्स घेणारा जुना 'क्लासिक' प्रकार. दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी येतात, म्हणून तिकिटावर काय लिहिले आहे ते वाचूनच पुढे जावे.

क्वांटासचे स्वतःचे विमान बंगळूर–सिडनी मार्गावर 2022 पासून आहे आणि त्यात बिझनेस क्लासची आसने पूर्ण आडवी होतात. मी मात्र भागीदार कंपन्याही पाहायला सांगेन. मुंबईहून क्वालालंपूरमार्गे मलेशिया एअरलाइन्स, कोलंबोमार्गे श्रीलंकन आणि हाँगकाँगमार्गे कॅथे पॅसिफिक मेलबर्नला येतात, आणि क्वांटासच्या पॉइंट्सवर त्यांच्याही जागा काढता येतात. दुबईमार्गे एमिरेट्सही आहे, पण तो उलटा वळसा पडतो आणि पॉइंट्सखेरीज रोख भरायचा अधिभार बराच असतो. पॉइंट्सचे तिकीट फुकट नसते. शेवटच्या पानावरचा रोख आकडा पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.

भागीदार कंपन्यांच्या तिकिटात एक खोच असते. वर 'बिझनेस' असे लिहिलेले असते, पण तपशील उघडला की मुंबई–कोलंबोचा छोटा टप्पा बिझनेसचा आणि कोलंबो–मेलबर्नचा सर्वांत लांब टप्पा इकॉनॉमीचा निघतो. माझ्या बाबांच्या तिकिटात नेमके हेच झाले होते. पैसे भरायच्या पानावर बाबांनी चष्मा लावून पुन्हा वाचले, म्हणून वाचलो.

परतीच्या तारखेचा मात्र फेरविचार करा. इथे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. त्या काळात कोणत्याही कंपनीकडे पॉइंट्सवर बिझनेसच्या दोन जागा मिळणे फार कठीण. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर, मंगळवार-बुधवार धरून पाहिलेत, तर चित्र बदललेले दिसेल. मुलीला तिच्या खात्यातून थेट आई-वडिलांची तिकिटे काढता येतील, त्यासाठी पॉइंट्स तुमच्याकडे वळवण्याची गरज नाही. क्रिसफ्लायरमध्येही आपल्या माइल्सवर इतरांचे तिकीट काढता येते, पण त्या व्यक्तीचे नाव आधी नोंदवावे लागते आणि अशी पाचच नावे ठेवता येतात. काकूंचे नाव आजच घालून ठेवा.

ठाणे_लोकल

वरच्या दोघांशी सहमत आहे. मला फक्त वेळेबद्दल सांगायचे आहे. दोन वर्षांपूर्वी मला हव्या त्या तारखेला दोन जागा दिसल्या, मी त्याच संध्याकाळी कार्डाचे पॉइंट्स वळवले आणि ते खात्यात पोहोचायला नऊ दिवस लागले. तिसऱ्या दिवशी एक जागा गेली, सहाव्या दिवशी दुसरी. ग्राहक सेवा केंद्रात दर वेळी 'प्रक्रिया सुरू आहे' एवढेच उत्तर मिळाले. त्यामुळे आपल्या बँकेला किती दिवस लागतात, वळवण्याचे प्रमाण काय आहे आणि वर्षभरात किती पॉइंट्स वळवता येतात, हे आधी विचारून घ्यावे. ही मर्यादा अनेक कार्डांवर असते आणि ती ऐन वेळी कळते. शक्य असल्यास प्रथम अगदी थोडे पॉइंट्स वळवून पाहावेत. किती दिवस लागले ते समजते आणि नावातील फरकही उघड होतो. माझ्या कार्डावर वडिलांचे नाव मध्ये होते आणि विमान कंपनीच्या खात्यात नव्हते.

आणखी एक. दोन्ही वेळा बिझनेसच हवे, हा आग्रह सोडता येईल का? जाताना मुंबई–सिंगापूर सुमारे साडेपाच तास आणि पुढे मेलबर्नपर्यंत सुमारे साडेसात तास, बहुधा रात्र जोडून. तिथे आडवे होणे गरजेचे आहे. परतताना एक टप्पा दिवसाचा निवडून तेवढाच इकॉनॉमीत पुढच्या मोकळ्या रांगेत बसून करता आला, तर जागा सापडण्याची शक्यता बरीच वाढते. काकूंनाच विचारून ठरवा.

कोथरूडकर_आजोबा

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे.

बँकेत चौकशी केली. 1,000 पॉइंट्स वळवून पाहिले, ते चौथ्या दिवशी पोहोचले. दरम्यान रोज सकाळी चहा घेताना एका प्रवाशासाठी, 20 ते 31 ऑक्टोबर अशा तारखा ठेवून दोन्ही टप्पे तपासत होतो आणि सौ. वहीत तारखांसमोर फुली किंवा बरोबरची खूण करत होती. एका गुरुवारी 22 तारखेसमोर दोन्ही टप्प्यांना खूण झाली. दोघांसाठी पाहिले, तर पुन्हा 'नाही'. त्याच दिवशी उरलेले पॉइंट्स वळवले आणि चार दिवस धडधडत काढले. सुदैवाने जागा तशीच होती, ती सौ.च्या नावावर सेव्हरमध्ये घेतली आणि माझ्यासाठी त्याच विमानाचे इकॉनॉमीचे तिकीट पैसे भरून काढले. बिझनेसच्या प्रतीक्षायादीतही माझे नाव घातले आहे. व्हिसा अजून आलेला नाही, पण पॉइंट्सचे तिकीट ठरावीक शुल्क भरून रद्द करता येते, असे नियमांत वाचून मगच हे धाडस केले.

परतीसाठी मुलीने फेब्रुवारीतील क्वालालंपूरमार्गे दोन जागा क्लासिकमध्ये काढल्या आहेत. तपशील उघडून पाहिला. दोन्ही टप्पे बिझनेसच आहेत.

आता एक शंका उरते. सौ.साठी व्हीलचेअर मागवली आहे, पण आमची दोघांची आरक्षणे वेगवेगळी आहेत. सिंगापूरला विमान बदलताना मला तिच्यासोबत राहू दिले जाईल का, आणि त्यासाठी आधी कुठे कळवावे लागते?